कंधारच्या किल्ल्यावर माणसं मोजू नका

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. हे माझ्यादेखत घडलंय.

तारीख २१ जानेवारी २०२४, रविवार. दुपारचे साडेचार. जागा, नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला.

कंधार म्हणजे एकेकाळची राष्ट्रकूटांची राजधानी. जाणार असाल तर जरूर जा. सकाळी लवकर पोहोचा, पाणी सोबत ठेवा, आधी किल्ला करा आणि जगत्तुंग तलाव उतरत्या उन्हात बघा. हे सगळं आम्हाला किल्ल्याजवळच्या चहावाल्या अजीजचाचांनी सांगितलं होतं.

आणि शेवटी अजून एक गोष्ट…

“निघताना माणसं मोजू नका. एकेकाचं तोंड बघा, नाव घ्या, मगच गाडी हलवा.”

किशनमामा हसले. माझे हे मामा तीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. पोती-कट्टे मोजण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

“चाचा, दिवसाला हजार कट्टे मोजतो मी. नऊ माणसं चुकतील का?”

चाचा कप विसळायला लागले.

किल्ला बघून आम्ही क्रूझरमध्ये बसलो. अंधार पडायच्या आत रेणापूर गाठायचं होतं. मामांनी दारातून हात घालून एकेकाच्या खांद्यावर थाप मारायला सुरुवात केली. मोंढ्यात मोजताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात.

“लाभ, दोन, तीन…”

आठवी थाप मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात पडली. ती सिंधुमामींची जागा. बांगड्या वाजल्या.

“अन् नववा मी. चला.”

मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मी मधल्या सीटवर. मागं दोन पोरं पेंगायला लागली होती.

चार-पाच किलोमीटर झाले असतील. मामांनी पुढूनच विचारलं, “सिंधु, पाणी देऊ का?”

मागून आवाज आला…

“हाव.”

मी मान न वळवता बाटली मागं केली. ती कुणीतरी घेतली.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव होतं… सिंधुमामी.

“ऋतुजा, मला सोडून कुठं गेलात गं? मी तोंड धुवून आले तर गाडीच न्हाई. चाचाजवळ बसून राहिले मी.”

त्या रडत होत्या.

मी वळून पाहिलं.

कोपरा रिकामा. दार बंद. सीटवर बाटली पडलेली, निम्मी संपलेली. दोन्ही पोरं गाढ झोपेत.



गाडी तशीच मागं फिरवली. मामी चाचांच्या बाकावर बसल्या होत्या, डोळे लाल. चाचांनी मामांना एवढंच विचारलं, “मोजलं ना?”

तेव्हापासून मामी रुसल्यात. बायकोला विसरून आलात, हे रोज ऐकवतात. एरवी शब्दाला शब्द देणारे मामा निमूट ऐकून घेतात.

मला ते बघवत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेले तेव्हा मी म्हणाले, “मामा, काय झालं ते मामींना सांगून का टाकत नाही?”

मामांनी आधी स्वयंपाकघराकडं बघितलं. मग अगदी हळू बोलले…

“चाळीस वर्षांचा संसार हाय, पोरी. अंधारात बी हात लागला तर मला कळतंय. गाडीतला खांदा सिंधुचाच होता.”

“मग आपण परत जाऊन आणलं ते…?”

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

आतून मामींची हाक आली. चहा झालाय, या म्हणाल्या.

मामा उठले नाहीत. मीही नाही.