पंख्याचा रिले

तंजावूरला कीळवासलमध्ये माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. परदेशी माल सहज मिळू लागला त्या वर्षांत माझा पुतण्या रघुराम यानं आपल्या शर्यतीच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बसवला. डबा चांगला, पण नाजूक. रेडिएटरचा पंखा थांबला की इंजिन क्षणभर मरायचं. मागच्या मोसमात ते वळणावर मेलं, मागची गाडी येऊन आदळली आणि रघुरामचा पाय मोडला.

कारण मला ठाऊक होतं. पंखा चालू-बंद करतो तो रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण; त्याच्या कॉइलचा करंट तोडला की ती उलटा झटका देते. बॅटरी बारा व्होल्टची, झटका शेकडो व्होल्टचा. तो वायरिंगमधून डब्यापर्यंत पोचतो. उपाय सोपा आहे. कॉइलच्या दोन टोकांना डायोड जोडायचा, तो करंट एकाच दिशेनं जाऊ देतो; त्यावरच्या रंगीत रेघेची बाजू पॉझिटिव्हकडे. मग झटका कॉइलमध्येच फिरून विरतो.

सगळ्या रिलेंना मी डायोड लावले, स्टार्टरच्या सोलेनॉइडलाही. मीटर होता, तरी आम्ही जुनी माणसं ओल्या बोटांनी तपासतो. सगळे गप्प झाले, पंख्याचा रिले सोडून. त्याचा डायोड बदलला, तरी तेच. शेवटी रिले काढून तळहातावर घेतला. एकही तार जोडलेली नव्हती. तो टक् वाजला आणि बोटांना चावला.

"बोटं म्हातारी झाली तुमची, काका," रघुराम म्हणाला. "फेका तो. नवा लावा."

शर्यत मद्रासला होती, नेमकी खंडेनवमीला. आदल्या सकाळी घाईनं नवा रिले बसवला. माझी बायको वेंकूबाई दारात बादली घेऊन उभीच होती.

"हत्यारं धुवायची आहेत. द्या इकडे. राहुकाळ लागेल."

पकडी, पाने, सगळं तिच्या हवाली केलं. गाडी ट्रकवर चढून गेली.

नवमीला पाटावर हत्यारं मांडली, चंदन-कुंकू लावलं. मधोमध तो जुना रिलेही होता. हत्यारांबरोबर तिनं तोही धुतला होता. पूजेत ठेवलेल्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून तसाच राहू दिला.

दुपारी आम्ही नैवेद्याचं हरभऱ्याचं सुंडल खात बसलो होतो. पाटावरून आवाज आला. टक्.

"पाल असेल," वेंकूबाई म्हणाली.

पुन्हा वाजला. मद्रासला शर्यत सुरू झाली असेल. मग आवाज लवकर लवकर येऊ लागले. मी उठलो.

"हात लावू नका. पूजेतलं आहे."

"पोर गाडीत बसलंय."

ती पाटासमोरून बाजूला सरकली.

डायोडच्या जागी मी रिलेच्या कॉइलची दोन्ही टोकं बोटांत धरली. झटका कोपरापर्यंत आला. सोडलं नाही.

पुढचा खांद्यापर्यंत.

मग रिलेच्या आतली लोखंडी पट्टी ओढली गेली, आणि सुटलीच नाही.

संध्याकाळी शेजारच्या मेडिकलमध्ये फोन आला. "काका, दुसरा आलो. एकदाही मेली नाही." वेंकूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि साखर जास्त घालून कॉफी केली. माझा दंड दुखत होता, पण इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. रघुरामनं बॉनेट उघडलं आणि हसायला लागला.

"काका, हे काय? नव्या रिलेच्या कॉइलची तार जोडलीच नाही तुम्ही."

खरंच. तार बाजूला तशीच लोंबत होती. हत्यारं देण्याच्या घाईत राहून गेली होती.

"मग पंखा? त्या तारेशिवाय तो सुरूच होत नाही," मी म्हणालो.

"पंखा तर शेवटपर्यंत चालला. थांबलाच नाही. आत्ताही चालूच आहे, बघा."

तो बंद करायला त्यानं वाकून बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, बॅटरी उचलून जमिनीवर ठेवली आणि हात धुवायला गेला.

पंखा फिरत राहिला.