डावी स्प्रिंग

एडविन मकासरे दोन स्प्रिंगा खांद्यावर टाकून माझ्या गॅरेजला आला, तेव्हा दोन हजार तेवीसची दिवाळी तोंडावर आली होती. तुम्ही पोरं त्याला ओळखत नाही. देवळाली प्रवराचा. सात सीटर व्हॅन होती त्याची, राहुरी ते नगर पॅसेंजर करायचा.

स्प्रिंगा नव्या होत्या, पण कंपनीच्या नव्हत्या. नगरला दुकानातून आणलेल्या. काळ्या रंगाच्या, मूळच्यापेक्षा जाड. आठ माणसं बसली की त्याची गाडी मागून खाली बसायची, स्पीडब्रेकरला बूड घासायचं.

मी म्हणालो, "एडविन, बाहेरची स्प्रिंग कडक असती. मान्सं शिव्या देतील."

"देऊ द्या मिस्त्री. गाडी तर वर ऱ्हाईल."

बसवल्या. चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून मोजलं. डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार बोटं. माझं काम असंच असतं.

दर सोमवारी आणि गुरुवारी तो सत्यवान गुरुजींना सावेडीतल्या एका दवाखान्यात डायलिसिसला न्यायचा. गुरुजींनी त्याला चौथीपर्यंत शिकवलेलं. मागे डाव्या खिडकीशी त्यांची जागा ठरलेली, शेजारी त्यांच्या बायको, दयाकाकू. सुया टोचून टोचून हात कामातून गेला होता, त्यांना गाडीचं दार ओढवत नसे. एडविन उतरायचा, दार सरकवायचा, मग गुरुजी उतरायचे. नव्या स्प्रिंगांवर पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "एडविन, तुझ्या गाडीत आता माझी हाडं मोजता येतात." पण दुसऱ्या गाडीत बसले नाहीत.

सत्तावीस नोव्हेंबरला, सोमवारी, गुरुजी दवाखान्यातच गेले. एडविनची गाडी नेमकी बिघडली होती म्हणे. गुरुजींना टेम्पोतून आणावं लागलं. चर्चमागच्या कब्रस्तानात मातीला मी होतो. एडविन मागे उभा होता, कुणाकडे बघत नव्हता.

चार दिवसांनी आला. "मिस्त्री, मागून वाजतंय. डाव्या अंगाला. टक... टक..."

मला राग आला. माझ्या हातचं काम वाजत नाही.

आधी स्टेपनी आणि जॅक बाहेर काढले. निम्मे आवाज तिथलेच असतात. मग शॉकअपचे बुश बदलले. स्प्रिंगखालचं रबर बघितलं, जाड स्प्रिंग कधी कधी त्यावर नीट बसत नाही, फिरते. नीट बसली होती. सायलेन्सर कुठे लागत नव्हता. हँडब्रेकची तार बांधली. गाडी साखर फॅक्टरीच्या रस्त्याला खड्ड्याखड्ड्यातून चालवली. चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी परत दारात. वाजतंय.

असं तीनदा झालं. पॅसेंजर त्याची गाडी सोडून मागच्या गाडीत बसायला लागले. गाडीवरच त्याचं घर चालत होतं. स्टँडवर लोक म्हणायला लागले, मिस्त्री म्हातारा झाला, आता त्याला आवाज सापडत नाही.

तिसऱ्या खेपेला एडविन हळूच म्हणाला, "जाताना न्हाई वाजत, मिस्त्री. नगरवरनं येतानाच वाजतं."

"गाडीला जानं-येनं कळत नसतं."

"मला पन कळंना."

मी म्हणालो, चल, मी येतो. गुरुवार होता. चौदा डिसेंबर. दिवसभर तो स्टँडवर भाड्याची वाट बघत थांबला, मला वेळ नव्हता. म्हणून रात्र झाली. जाताना मी मागे पत्र्यावर कान टेकवून पडलो होतो. रस्ता तुम्हाला माहीत आहे, खड्ड्याला तोटा नाही. तरी आवाज नाही. सावेडीत त्या दवाखान्यासमोर गाडी वळवली तेव्हा दहाला दहा कमी होते. चहा घेतला. मी सवयीने चाकावर बोटं लावली.

उजवीकडे चार बोटं.

डावीकडे दोन.

"हवा बघ," मी म्हणालो. हवा बरोबर होती. गाडी रिकामी. रस्ता सपाट. मी पुन्हा मोजलं. दोन.

एडविन बघत होता. त्याच्या हातातला चहा तसाच.

"हितं काय झालं हुतं, एडविन?"

त्याने चहा रस्त्यावर ओतला. गाडीत जाऊन बसला. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. मागे कोण बसेल?

विळद घाट उतरला तेव्हा सुरू झालं.

टक...

टक...

दगडावर दगड ठेवावा तसं. खड्ड्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा... टक.

मग तो बोलला. पुढे बघतच.

"दवाखान्यातनं काकूंनी फोन केला हुता. म्हन्ल्या, गुरुजी गेले रे, गाडी घिऊन ये. मी खालीच उभा हुतो, मिस्त्री. गेटापाशी."

"मग?"

"प्रेत न्हेलेल्या गाडीत पॅसेंजर बसतंय का? तुमीच सांगा. म्हन्लं, काकू, मागून आवाज येतोय, स्प्रिंग गेलीया. गाडी गॅरेजला हाय."

टक.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाडी बिघडली असती तर माझ्याकडे आली असती. त्या सोमवारी माझ्याकडे गाडी नव्हतीच.

"आदल्या गुरवारी गुरुजी म्हन्ले हुते," एडविन म्हणाला, "काय बी झालं तर तू मला घरी सोडशील ना? मी म्हन्लं, सोडीन की..."

राहुरी आली. त्याने आरसा वर फिरवून ठेवला होता. मी त्याला विचारलं नाही का ते. मागून थंडी येत होती. काचा बंद होत्या.

टक... टक...

देवळालीच्या फाट्याला त्याने गाडी हळू केली.

"मिस्त्री... घरी का कब्रस्तानात?"

"तू काय कबूल केलं हुतंस?"

गाडी गुरुजींच्या दारात थांबली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. घरात दिवा होता. दयाकाकू बाहेर आल्या. शाल, पायात चप्पल नाही.

"कोण? एडविन? एवढ्या रात्री?"

एडविन खाली उतरला. 

"काकू, त्या दिवशी गाडी चांगली हुती. मी खोटं बोल्लो."

काकूंनी शाल ओढून घेतली.

"मला माहीत हाय बाळा. आम्ही टेम्पोत होतो. राहुरीत तू आम्हाला ओलांडून गेलास. गाडी भरलेली होती तुझी."

"मग... बोल्ला का न्हाई?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

 एडविन रडत होता, आवाज न करता. मग म्हणाला, "काकू... गुरुजींना घिऊन आलोय."

मला वाटलं, बाई आता ओरडतील. शेजारी गोळा होतील. काकूंनी गाडीकडे बघितलं. डाव्या खिडकीकडे. बराच वेळ.

"मग दार उघड की," त्या म्हणाल्या. "त्यांच्यानं ओढवत न्हाई."

एडविनने दार सरकवलं.

काही दिसलं नाही. खोटं सांगणार नाही. काही दिसलं नाही.

पण मी गाडीला टेकून उभा होतो... आणि गाडी वर आली. अंगाला कळलं मला. जड माणूस उतरला की येते तशी. हळू.

काकू दारातून बाजूला सरकल्या. वाट दिली. मग आत गेल्या. दिवा मालवला.

मी बोटं लावली. चार.

दुसऱ्या दिवशी एडविनच्या सांगण्यावरून दोन्ही स्प्रिंगा काढल्या, जुन्या परत घातल्या. आवाज पुन्हा आला नाही. पॅसेंजर परत आले. पण मागची डावी जागा तो रिकामी ठेवायचा, सीटवर पिशवी टाकून. पुढे गाडी विकली.

ती बघा, तिथे खिळ्याला दोन्ही टांगल्यात. उजवीचा रंग जसाच्या तसा. डावीचा रंग प्रत्येक वेढ्यावर उडालाय, लोखंड उघडं पडलंय. वेढ्यावर वेढा आपटत राहिला की असं होतं. त्याला वर्षानुवर्षं ओझं लागतं. या सव्वा महिन्याच्या होत्या, दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या. हे मी कुणाला समजावत बसत नाही. थकलो.

दोन पावसाळे झाले. हा पत्रा गळतो. उजवी गंजायला लागली, रंग असून. डावीचं लोखंड उघडं आहे, तेल नाही, ग्रीस नाही.

हात लावून बघा. अजून चकचकीत आहे.