ज्याचा आवाज खरा ठरला

हिंदमाताच्या कापडदुकानात तो पांढरं कापड बोटांनी चाचपत उभा होता. बोटं लांबसडक, नजर कापडाच्या पार...

"अंतरपाट बघताय?" मी विचारलं.

"नाही. मेलेल्या माणसाला नेसवायचंय."

"मग मांजरपाट घ्या. तो तक्रार करणार नाही."

तो हसला. दुकानदार नाही हसला.

हेरंब गिरगावचा. प्राचीन इजिप्तवर प्रदर्शन उभं करत होता, पुतळ्यांसाठी कापड शोधत होता. मी भोईवाड्याची मनाली, जाहिरातींना आवाज देते.

"प्रदर्शनासाठी तुमचा आवाज हवाय मला," तो म्हणाला.

"फक्त आवाज?"

"...सुरुवातीला."

मग परळच्या एका स्टुडिओत दुपारमागून दुपार गेली. चहा निवायचा, तो बोलत राहायचा. मआत म्हणजे काय, तर जुन्या इजिप्तच्या लोकांची चांगुलपणाची रीत.

"'न्याय' म्हणू नकोस. 'पाप' तर नकोच. ते युरोपातल्या साहेबांचे चष्मे."

"मग काय म्हणू रे?"

"एकानं दुसऱ्यासाठी करायचं, दुसऱ्यानं ते ध्यानात ठेवायचं. एकमेकांचं ऐकायचं. त्यावर सगळं जग उभं."

"म्हणजे आमची चाळ."

"चाळीचाही चष्मा नको," तो म्हणाला, आणि माझ्या कपाळावरची बट हळूच मागे सारली. त्या बोटांना कुठलाच चष्मा नव्हता.

"रविवारी घरी सांगतो तुझ्याबद्दल," तो म्हणाला होता. आईनं मला विचारलं, "मागणी घालूक येतलो मा गो तो?" "येतलो," मी म्हटलं, आणि घरभर उजेड झाला.

सोमवारी रेकॉर्डिंग होतं.

"सांगितलंस?"

"आईनं मुलगी बघून ठेवली होती... आमच्यातलीच. मी हो म्हटलं."

"माझं नाव तरी काढलंस?"

त्यानं हातातला कागद सरळ केला.

काचेपलीकडून अजितनं खूण केली. आवाज टिपणारा अजित, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. परलोकाच्या दारात उभ्या मृताचं बोलणं हेरंब स्वतः वाचणार होता. माइकपाशी गेला आणि म्हणाला, "माझ्यामुळे कुणी रडलं नाही."

एका दमात.

"एकदम क्लीन," अजित म्हणाला.

"जीभ अडखळली नाही तुझी?" मी हळूच विचारलं.

"ती कबुली नसते, मनाली. माणूस निर्मळ होऊन आत जाण्यासाठी ते बोलतो. आपली अपराधाची कल्पना त्याच्यावर लादू नये."

"हे इजिप्तचं सांगतोयस की तुझं?"

तो माइकपासून बाजूला झाला.

"आणि एकमेकांचं ऐकणं? ती कुणाची कल्पना होती, हेरंब?"

त्यानं कागद माझ्यापुढे धरला.

पुढचं वाक्य माझं होतं, त्या मृताबद्दल देवांचा निकाल. याचा आवाज खरा ठरला.

"थोडं प्रेमानं घे हां," अजित म्हणाला.

मी हेरंबला विचारलं, "ही माफी असते का?"

"नाही. तिथे माफी नाही. फक्त निकाल."

"जिवंत माणसाला देतात?"

"गेलेल्यालाच देतात."

मी घोटभर पाणी प्यायले. त्याच्याकडे पाहिलं, मन भरून पाहिलं... आणि लेक सासरी निघताना आई ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात म्हटलं, "याचा आवाज खरा ठरला. याला जाऊ द्या."

त्याचे डोळे भरले. ते आता त्याचे त्याला.

"सुंदर," अजित म्हणाला. "सेफ्टीला अजून एक टेक घेऊ या?"

"नको," मी हेडफोन काढत म्हटलं. "गेला तो."