मागे वळू नकोस, हिल्ला

धुकं इतकं दाट होतं, की बोटीवरून धक्क्यावर उतरताना हिल्लाला स्वतःची पावलंसुद्धा दिसत नव्हती. दोन्ही हातांत अंड्यांचा ट्रे होता. पाण्याचा चुळुकचुळुक आवाज नेमका कुठून येतोय, तेच कळेना.

"डावीकडे सरका. नाहीतर अंड्यांसकट आत जाल."

ती थबकली. "कोण आहे?"

"तुम्ही आता ज्याला धडकणार आहात, तो."

आणि ती खरंच धडकली. लोकरी स्वेटर, डांबराचा वास, आणि ट्रेला खालून आधार देणारे दोन मोठे हात... एकही अंडं फुटलं नाही.

त्याचं नाव ओत्सो. धक्क्यावर बोटीचे दोर बांधायचं काम त्याचं. ती बेटावरच्या शाळेत आलेली नवी शिक्षिका.

"एवढी अंडी कशाला? आमच्याकडे कोंबड्या आहेत हो."

"मला धान्य चालत नाही. गहू, राय, जव... कणभर पोटात गेलं तरी आठवडाभर अंथरूण."

"मग तुम्ही जगता कशावर?"

"अंड्यांवर," ती म्हणाली, "आणि लोकांच्या प्रश्नांवर."

तो हसला. धुक्यात त्याचा चेहरा धड दिसत नव्हता, पण ते हसू तिच्याबरोबर खोलीपर्यंत आलं.

मग दर शुक्रवारी तिच्या दाराशी अंडी येऊ लागली. आणि अंड्यांच्या मागोमाग तो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. समुद्राकाठी फिरताना तो वाऱ्याच्या बाजूनं चालायचा, आणि आपण मुद्दाम असं करत नाही, असं दाखवायचा.

ऑक्टोबरच्या एका दुपारी त्यानं तिला घरामागचं कोठार दाखवलं. काळ्या ओंडक्यांची बुटकी इमारत. जुन्या काळी तिथे जाळ करून कणसांच्या पेंढ्या वाळवत आणि मग झोडपत.

"हात लाव," तो म्हणाला.

तिनं लावला... ओंडका कोमट होता. दूध काढल्यावर गाईची कूस असते, तसा.

"आत जाळ आहे?"

"आजोबा गेले तेव्हापासून नाही." त्यानं आपला तळवा तिच्या हातावर ठेवला. आता ऊब कुणाची, ते तिला सांगता येईना. "राखणदार आहे इथे. दर शनिवारी सकाळी आमच्याकडे पान्नुकाक्कू होतो, अंडी-दुधाचा ओव्हनमधला जाड पोळा. पहिला कोपरा त्याचा. आई नेऊन ठेवायची. ती गेल्यापासून बाबा ठेवतात, पण तो तुकडा तसाच पडून राहतो. कावळासुद्धा शिवत नाही. आणि घरात येणाऱ्या मुलीनं तो एकदा स्वतः करून—"

"घरात कोण येतंय?"

"मी आपलं... रीत सांगत होतो," ओत्सो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी ती त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. पहाटे पातळसा बर्फ पडून गेला होता आणि त्यावर धुकं बसलं होतं. ओत्सोचे वडील ताइस्तो खिडकीशी बसले होते, आणि त्यांची बहीण आउने कॉफी ओतत होती.

"पोरी," ताइस्तो म्हणाले, "तू चांगली आहेस, म्हणून सांगतो. जाऊ नकोस तिकडे. माझ्या भावाची बायको लेम्पी अशीच तुकडा घेऊन गेली होती. परत येताना कुणीतरी हाक मारली, तिनं मागे वळून बघितलं... आणि त्याच हिवाळ्यात गोठलेला समुद्र ओलांडताना पायाखालचा बर्फ फुटून बुडाली. चांगला जाड बर्फ होता. त्यावरून घोडागाडी जायची."

"मग मी काय करू, काका?"

"सोमवारची बोट आहे."

"दादा," आउने म्हणाली, "अंडी घुसळताना असलं काही बोलू नये. फेस बसतो."

हिल्ला हसली, पण तेवढ्यापुरतीच. आज राखणदारानं तुकडा घेतला नाही, तर या घरात तिला पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. ओत्सोनं बोलावलं असतं, पण वडिलांचे डोळे बघून तिलाच येववलं नसतं.

तिनं बदामाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, दूध आणि कुटलेला वेलदोडा एकत्र केला. अंड्यांचा पांढरा भाग वेगळा घुसळला. धान्य नसलं की फुगवायला तोच एक आधार. ओव्हनच्या तापलेल्या पत्र्यावर लोणी चरचरायला लागलं. ती ते बघायला वळली, आणि परत वळली तेव्हा ओत्सोचा हात तिच्या भांड्यावर होता. बोटांना पांढरी भुकटी.

"हे काय?"

"मूठभर जवाचं पीठ," तो कुजबुजला. "फक्त आजच्या दिवस. ते धान्याचं कोठार आहे, हिल्ला. बदाम त्याला कुठला ठाऊक? तू खाऊ नकोस, त्याला तेवढं..."

"मी खायचं नाही ते त्याला द्यायचं?"

"तुझ्यासाठीच केलं."

"ठाऊक आहे." तिचा आवाज चढला नाही. "पण आज खोटा तुकडा ठेवला, तर दर शनिवारी खोटाच ठेवावा लागेल. मी जे खाते तेच त्याच्यापुढे ठेवीन. नको असेल, तर त्यानं सांगावं."

भांडं तिनं रिकामं केलं, घासलं, चमचा बदलला. ओत्सो हात धुऊन आला आणि अंडी फोडायला लागला.

"मी भ्यालो होतो," तो म्हणाला.

"मीही भ्यालेय. पांढऱ्यात पिवळं पडू देऊ नकोस."

ओव्हनच्या काचेआड पान्नुकाक्कू फुगू लागला. सोनेरी टेकड्या उठल्या, कडा वर चढल्या. सगळे वाकून बघत होते. काचेत आउनेच्या खांद्यामागे आणखी कुणीतरी वाकलं होतं... राखी, दाढीवालं. हिल्लानं डोळे मिटले. उघडले तेव्हा फक्त आउने होती.

पहिला कोपरा बशीत घेऊन ती बाहेर पडली. ओत्सोला घराच्या पायरीवर थांबायचं होतं, आणि तिला परत येताना मागे बघायचं नव्हतं.

कोठाराचं दार हातभर उघडं होतं. आतून धुराचा आणि पिकलेल्या कणसांचा वास येत होता, कालच कापणी झाल्यासारखा. तिनं बशी उंबऱ्यावर ठेवली. मनात म्हणाली, माझ्याजवळ हेच आहे. आणि वळली.

थोडं पुढे आल्यावर मागे बर्फ करकरला. ती थांबली, तसा तो आवाजही थांबला. ती निघाली, तसा तोही...

"हिल्ला," मागून हाक आली.

आवाज ओत्सोचा होता. आणि ओत्सो तर समोर पायरीवर उभा होता, ओठ घट्ट मिटून.

तिची मान वळायला लागली.

"इकडे बघ," समोरचा ओत्सो म्हणाला. तो तिच्या मागे कुठेतरी बघत होता आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मग त्यानं कष्टानं नजर तिच्यावर आणली. "माझ्याकडे. चालत राहा."

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही... ओत्सो, बोल ना."

"सकाळी... सकाळी शाळेच्या खिडकीत तुझा दिवा लागेपर्यंत माझ्या दोराच्या गाठी चुकतात. बोटीचा कप्तान शिव्या घालतो. त्याला वाटतं, मी पितो."

"आणि?"

"आणि सोमवारच्या बोटीचे दोर मी सोडणार नाही. तुला जायचंच असेल, तर पोहत जा."

ती हसली. मागे, अगदी कानाजवळ, कुणीतरी श्वास घेतला. उबदार, राखेचा वास असलेला. तिनं ओत्सोच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही.

"लग्न करशील माझ्याशी?"

"हे आत्ता विचारतोस? इथे?"

"मला दुसरं काही सुचत नाहीये गं."

"हो," ती म्हणाली. "करीन. हात दे आधी."

मागची करकर थांबली.

त्यानं तिला पायरीवर ओढून घेतलं. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कोण होतं?" त्यानं नुसती तिच्या केसांवर हनुवटी टेकली.

ताइस्तो दारात आले. धुकं विरळ झालं होतं, आणि दूर कोठाराच्या उंबऱ्यावर बशी दिसत होती. रिकामी. ते बर्फाकडे बघत राहिले. हिल्लाच्या बुटांचे ठसे कोठारापासून पायरीपर्यंत आले होते, आणि त्यांच्या आधी मागून, मग शेजारून, खांद्याला खांदा लावल्यासारखे, रुंद अनवाणी पायांचे ठसे. ते पायरीशी येऊन संपले होते. परत गेलेले नव्हते.

"लेम्पीच्या वेळी शेवटपर्यंत मागे-मागेच होते," ताइस्तो हळू आवाजात म्हणाले. "हे बरोबरीनं आलेत. घरच्या माणसाला दारापर्यंत पोचवतात तसे."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, जराशी मान लववली, आणि मग हिल्लाकडे वळले.

"चल, सूनबाई. पान्नुकाक्कू निवला की बसतो." आत जाता जाता ते थबकले. "आणि दार लावू नकोस लगेच. कुणी अजून आत यायचं असेल."