रिकामा कॅसरोल

“कॅसरोल आहे का?” चैतालीनं विचारलं.

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या दिगंबर खांबेट्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “किती पोळ्यांचा?”

“पोळ्यांचा नाही. खिम्याचा.”

खांबेट्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं. म्हणजे आता ते फुरसतीनं अपमान करणार होते. “खिमा कॅसरोलमध्ये ठेवत नाहीत. कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम राहायचा डबा. बाहेरून प्लास्टिक, आतून स्टील, वर झाकण. खिम्याला पातेलं असतं.”

“अहो काका, कॅसरोल हा पदार्थ आहे! खाली मटणाचा खिमा, वर बटाट्याचे काप, आणि ओव्हनमध्ये ठेवून भाजायचा. त्याच्यासाठी काचेचं पसरट भांडं हवंय मला.”

“मग भांडं मागा. पदार्थ आम्ही विकत नाही.”

वरून कुणीतरी फसकन हसलं. चैतालीनं मान वर केली. शिडीवर उभा असलेला एक तरुण हातातली डब्यांची चळत सांभाळत हसू दाबायचा प्रयत्न करत होता, आणि दोन्ही गोष्टी त्याला जमत नव्हत्या. वरच्या डब्याचं झाकण निसटलं, फरशीवर खणखणत गोल फिरलं आणि बरोबर चैतालीच्या चपलेपाशी येऊन पडलं. तिनं ते उचलून वर धरलं. तो खाली वाकला. झाकण घेतल्यावरही त्यानं नजर काढली नाही… आणि चैतालीनंही काढली नाही, हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

“बाबांचं मनावर घेऊ नका,” तो खाली उतरत म्हणाला. “ते गिऱ्हाइकाला आधी घालवून देतात, मग भांडी दाखवतात.”

त्यानं आतून एक काचेचं भांडं आणलं. पसरट, जाड, दोन्ही बाजूंना कान असलेलं. चैतालीला ते पाहताक्षणी आवडलं.

“ओव्हनमध्ये चालेल ना?”

“खोक्यावर तसं लिहिलंय. नाही चाललं तर मी आहेच.”

“तुम्ही काय करणार?”

“बोलणी खाणार,” तो गंभीरपणे म्हणाला. “सवय आहे.”

त्याचं नाव केयूर. हे तिला पुढच्या शनिवारी कळलं. कर्वेनगरच्या फिजिओथेरपी क्लिनिकमधलं काम आटोपून ती थेट दुकानात आली आणि म्हणाली, “बटाटे कच्चे राहिले.”

“भांड्यामुळे?”

“ते मला माहीत नाही. बोलणी खायला मी आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. खा.”

केयूरनं हात जोडले. “मटणातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सतत कुणाचा ना कुणाचा उपास असणाऱ्या घरात वाढलोय. बटाटा मला विचारा. काप किती जाड केले होतेत?”

चैतालीनं बोटांनी दाखवलं.

“अरे देवा! हे काप नव्हेत, या फोडी झाल्या. पारदर्शक दिसतील इतके पातळ करा. मिठाच्या पाण्यात एक उकळी द्या, फडक्यावर कोरडे करा, मग एकावर एक सरकवत लावा आणि वरून तुपाचा हात फिरवा.”

“हे कुठल्या उपासाला करतात?”

“हे आत्ता सुचलं,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या आठवड्यात वरचा थर सोनेरी झाला. चैतालीनं त्याचा फोटो पाठवला. त्यानं विचारलं, ‘आणि खालचा?’ तिनं लिहिलं, ‘खालचा माझा आहे. तो नेहमीच छान असतो.’ मग काय, वाघमाऱ्यांच्या येरवड्याच्या घरात भांडी वाढायला लागली. एका शनिवारी गाळणी आली, एका शनिवारी डाव, मग आणखी एक गाळणी. चैतालीचे पप्पा, टपाल खात्यातून निवृत्त झालेले पोपटराव, दुसऱ्या गाळणीकडे बघून म्हणाले, “चहा तेवढाच पितोय आपण, नाही का गं?” चैताली पाणी प्यायला म्हणून आत पळाली.

डिसेंबरची थंडी पडली होती. एका संध्याकाळी केयूर तिला स्कूटरवरून घरी सोडायला निघाला. बंडगार्डनच्या पुलावर नदीचं गार वारं अंगावर आलं तसं चैतालीनं त्याच्या जॅकेटच्या खिशात हात घातले… अगदी थंडीच होती म्हणून. स्कूटर एकदम हळू झाली.

“पेट्रोल संपलं?”

“नाही. पूल संपेल म्हणून.” मग पुढे बघतच तो म्हणाला, “चैताली, खालचा थर तुझा, वरचा माझा… हे असंच कायमचं ठेवूया का?”

तिला हसू आलं. “आणि मधे?”

“मधे तुझी आई. आणि माझे बाबा.”

“मग भाजायला वेळ लागेल.”

“लागू दे ना… मी कुठे जातोय?”

बाबांचं कोडं आश्चर्यकारक रीतीनं लवकर सुटलं. केयूरची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि वडिलांचा दुखरा खांदा चैतालीनं मधल्या काळात दटावून ताळ्यावर आणला होता. “मुलगी चांगली आहे. शब्द चुकीचा वापरते, तेवढं सोडलं तर,” एवढंच ते म्हणाले.

आई मात्र कठीण होती. राधाबाई महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “खातो का तो आपल्याकडचं?”

“खातो गं. हॉटेलात चिकन खाल्लंय त्यानं.”

“हॉटेलात सगळे खातात. मी घराचं विचारतेय.”

आईला काय आठवतंय ते चैतालीला ठाऊक होतं. हे घर घेतलं तेव्हा राधाबाईंनी शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना जेवायला बोलावलं होतं. दोन दिवस खपून स्वयंपाक केला होता. मैत्रिणी आल्या, हॉलमधल्या बुद्धमूर्तीला नमस्कार केला, घर छान आहे म्हणाल्या. आणि पानं घ्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येकीला उपवास निघाला. बाटलीतलं सरबत तेवढं प्यायल्या.

“सगळ्यांचा उपवास, आणि तोही बुधवारी,” राधाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर चैतालीला बरं वाटलं असतं. “उरलेलं अन्न मी तीन मजले वाटत फिरले. तुझं लग्न तू ठरव, चैताली, मी आडवी येणार नाही. पण माझ्या ताटाला हात न लावणाऱ्या माणसांची मी विहीण होणार नाही. मांडवात येईन, अक्षता नसल्या तरी फुलं टाकीन, आणि घरी येईन. पुढचं जाणं-येणं विसरा.”

आईशिवायचं सासर-माहेर चैतालीला नको होतं. तिनं केयूरला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“रविवारी येतो,” तो म्हणाला. “बाबांना घेऊन. आणि नुसता बसून खाणार नाही. करून खाणार.”

“तू? खिमा?”

“बटाटे तर येतातच ना!”

चैतालीनं त्या रविवारची तिथी दोनदा पाहिली. चतुर्थी नव्हती, एकादशी नव्हती, काहीच नव्हतं.

रविवारी दुपारीच केयूर येरवड्याला हजर झाला. शर्टाच्या बाह्या वर करून तो ओट्यापाशी उभा राहिला. कच्चा खिमा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. हात मागे घेतला नाही. राधाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“काकू, कांदा किती परतू?”

“वास शेजारी जाईपर्यंत.”

“आणि मसाला?”

“तो मी घालते,” म्हणत राधाबाई आत आल्या. हाताची घडी सुटली होती हे चैतालीनं पाहिलं. खिमा रटरटायला लागला. केयूरनं बटाट्याचे काप केले, एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यातून चैतालीकडे पाहिलं. “दिसतेस,” तो हळूच म्हणाला. पोपटराव खोकले.

तिघांपुरतं काचेचं भांडं आज पुरणार नव्हतं. म्हणून केयूरनं वडिलांना फोन केला. “बाबा, येताना कॅसरोल आणा. मोठा. विसरू नका हं!”

संध्याकाळी बेल वाजली. राधाबाईंनीच दार उघडलं. दारात दिगंबरराव उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि त्यांच्या दोन्ही हातांत एक भला मोठा लाल प्लास्टिकचा डबा होता. पोळ्यांचा कॅसरोल. झाकणाच्या फटीतून गरम पोळ्यांचा वास येत होता.

आईचा चेहरा चैतालीला दिसत नव्हता. पाठ दिसत होती, आणि ती ताठ झाली होती.

“या,” राधाबाई म्हणाल्या. “जेवण बरोबर घेऊनच आलात म्हणायचं. बरं केलंत.”

केयूर धावत आला. “बाबा! हा नाही, तो काचेचा… अहो, ओव्हनचा!”

“कॅसरोल म्हणालास. कॅसरोल आणला,” दिगंबरराव म्हणाले. “भांड्यांचं दुकान आहे म्हणून कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना रिकामं भांडं न्यायचं का? आमच्या पोळीवाल्या कांताबाईंना बसवून पोळ्या करून घेतल्या. सगळ्यांना पुरतील एवढ्या.” त्यांनी राधाबाईंकडे पाहिलं, आणि काय झालंय ते त्यांना उमगलं असावं. नेहमीची खोच आवाजातून गेली. “वहिनी, माझ्यापुरत्या असत्या तर तीन आणल्या असत्या. रुमालात.”

राधाबाईंनी झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता. त्या थोडा वेळ पोळ्यांकडे बघत राहिल्या.

“आज उपवास नाही ना तुम्हाला?”

“रविवारी? अहो, मला एकादशी सोसत नाही, रविवारचा उपवास कोण करतो! मी मटण खात नाही, हे तुम्हाला चैतालीनं सांगितलं असेल. बाकी जे वाढाल ते खाणार. आणि दुपारी मुद्दाम कमी जेवलोय, तेव्हा लवकर वाढा.”

“लवकर कसं वाढणार?” राधाबाई म्हणाल्या. “भांडं कुठाय?” पण आता त्यांच्या आवाजात चक्क हसू होतं. त्यांनी फडताळाच्या तळातून आपलं जुनं जर्मनचं तसराळं काढलं, पसरट आणि जाड बुडाचं. दिगंबररावांनी ते हातात घेऊन टिचकी वाजवली, ओव्हनच्या दाराला वीत लावली आणि मान हलवली. “बसतंय. आणि उत्तम भांडं आहे. असलं आता आमच्याकडेही मिळत नाही.”

खाली खिमा पसरला. वर बटाट्याचे काप, एकावर एक सरकवत. तूप. ओव्हनचा लाल उजेड लागला आणि चैताली व केयूर त्याच्यासमोर उकिडवे बसले. खांद्याला खांदा लागला होता.

“करपला तर?” तिनं विचारलं.

“तर बोलणी खाईन.”

“आणि चांगला झाला तर?”

“तर…” त्यानं तिचा हात हातात घेतला. “तर जन्मभर खाईन.”

करपला नाही! तसराळं बाहेर आलं तेव्हा कडेनं खिम्याचा रस बुडबुडत होता आणि वरचे काप कुरकुरीत, सोनेरी झाले होते. पोपटरावांनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि ‘अहाहा’ म्हणाले. एरवी ते जेवताना बोलत नसत. केयूरनं ताट दुसऱ्यांदा पुढे केलं. मग तिसऱ्यांदा. मग पोळीच्या तुकड्यानं ताटातला मसाला पुसून खाल्ला आणि बोटंही चाटली. राधाबाई सगळं बघत होत्या.

दिगंबररावांच्या पानात त्यांनी वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची आमटी वाढली होती. करताना ‘खाल्लं तर खाल्लं’ असं म्हणून केलेली. दिगंबररावांच्या कपाळावर घाम आला, नाक लाल झालं, आणि त्यांनी वाटी पुढे केली.

“तिखट झालं का?” राधाबाईंनी विचारलं.

“झालंय. आणखी वाढा. मी दुकानात कुणाला दुसऱ्यांदा भांडं दाखवत नाही, पण आमटी दुसऱ्यांदा मागून घेतोय. काय ते समजा.”

राधाबाईंनी वाढली. त्यांचे डोळे ओले झाले होते. “किती वर्षांनी कुणी मागून घेतलं,” त्या म्हणाल्या. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

निघताना दिगंबरराव दारात घुटमळले. “तो डबा…”

लाल कॅसरोल ओट्यावर होता. धुऊन पुसलेला. राधाबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“रिकामं भांडं मीही परत देत नाही. आणि भरून द्यायला तुमच्या मुलानं काही शिल्लक ठेवलंय का? तसराळं खरवडून खाल्लं! तेव्हा डबा इथंच राहील. पुढच्या रविवारी भरते. न्यायला या, दोघंही.”

“मग मला येताना दुसरा भरून आणावा लागेल,” दिगंबरराव म्हणाले.

“आणा. तोही रिकामा देणार नाही.”

“अहो वहिनी, असं तर हे जाणं-येणं कधी थांबायचंच नाही.”

“नाहीच थांबायचं,” राधाबाई म्हणाल्या.

चैतालीनं दाराआड केयूरचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

राधाबाईंनी मान वळवली. “हां. हेच म्हणत जा आता. दुपारपासून सारखं आपलं काकू, काकू! आणि पुढच्या वेळी बटाटे जरा जास्त आण. कमी पडले.”