रिकामे पाय

भरमू गावडेच्या छातीवर चौदा तारा चिकटवल्या होत्या आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दुसरा एक भरमू गावडे सायकल मारत होता. त्या दुसऱ्याला ना घाम येत होता, ना त्याच्या नावानं गावात कुणी शिव्या घालत होतं. खरा भरमू खुर्चीत अंग चोरून बसला होता. तेहतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या पायांचा राग येत होता.

खेळात औषधं घेणाऱ्यांना पकडणाऱ्या शुद्धी आयोगाची ही प्रयोगशाळा पुण्याबाहेर एका टेकडीवर होती. देशातल्या प्रत्येक व्यावसायिक सायकलपटूचा 'प्रतिदेह' इथल्या गणकयंत्रात सांभाळून ठेवलेला असे. प्रतिदेह म्हणजे माणसाच्या शरीराची आकड्यांत उतरवलेली हुबेहूब प्रत. तो काय म्हणतो ते आयोग ऐके, आणि आयोग म्हणेल ते जग ऐके. खुद्द माणसाला विचारायची पद्धत केव्हाच मागे पडली होती.

"हे बघ भरमू," आयोगाचे तज्ज्ञ डॉ. हबीब मुजावर म्हणाले, "पूर्वी आम्ही रक्तात, लघवीत औषध शोधत बसायचो. औषध बनवणारे कायम दोन पावलं पुढं. म्हणून आम्ही औषध शोधणंच सोडलं आणि माणूस मोजायला लागलो. तुझं हृदय किती रक्त फेकतं, मांडीचे स्नायू कसे आहेत, सगळं यात आहे. शिवाय वर्षातून एकदा शिखर-चाचणी, म्हणजे पार दम संपेपर्यंत सायकल मारायची. यावरून प्रतिदेह तुझी कमाल मर्यादा सांगतो. तुझी आहे तीनशे पंच्याऐंशी वॅट. आंबोलीच्या घाटात तू मारलेस चारशे बारा. वरचे सत्तावीस आले कुठून?"

"पायातनं," भरमू म्हणाला.

मुजावरांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. पण चौदा वर्षं खोटारड्यांशीच गाठ पडल्यामुळं त्यांचे कान किटले होते.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या डॉ. रेवती उपळेकर वळल्या. प्रतिदेहाचं गणित मुळात या बाईंनी मांडलेलं. "हबीब, रक्तात काही सापडलं?"

"नाही."

"केसांत? स्नायूंत?"

"नाही. नवीन औषध असणार."

"म्हणजे सापडलं तरी हा दोषी आणि नाही सापडलं तरी हाच दोषी. छान आहे की!"

"बाई, गणित तुमचंच आहे. चौदा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही."

"गणित चुकत नाही रे. पण गणिताला आकडे कुणीतरी पुरवावे लागतात. ते खोटे असतील तर?"

"शिखर-चाचणीत खोटं बोलता येत नाही. कुणी मुद्दाम हळू मारली तर हृदय आणि रक्तातलं आम्ल लगेच चुगली करतात. याच्या नऊच्या नऊ चाचण्यांत शरीर खरोखर थकलेलं आहे. आणि हे वाचा." मुजावरांनी एक कागद पुढं केला. "याच्याच कॅप्टनचा जबाब."

कागदावरचं एकेक वाक्य भरमूला पाठ होतं. 'मी भरमूला नऊ वर्षं ओळखतो. माझ्या धाकट्या भावासारखा आहे. पण खरं ते सांगायला हवं. त्याच्या पायांत तेवढा जोर नाही.' खाली सही, विश्वजित घोरपडे. विश्वजितदादा.

गाव वाटेल ते बोललं असतं तरी भरमूनं ते गिळलं असतं. चंदगडच्या शाळेनं भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला, पोरगी गौतमी रडत घरी आली, तेही त्यानं कसंबसं सोसलं. पण दादा! ज्या माणसानं त्याला दुधाच्या किटल्या वाहताना पाहिलं, पहिली खरी सायकल दिली, घाटात श्वास कसा धरायचा ते शिकवलं, त्यानं असं लिहावं? आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे दादा खोटं बोलत नव्हता. दादाला मनापासून तसंच वाटत होतं.

सायकलीच्या शर्यतीत संघ आठ जणांचा असतो, पण जिंकायचं एकानं, कॅप्टननं. बाकीचे सात मदतनीस. त्यांनी पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, कॅप्टनचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. भरमूनं हे नऊ वर्षं केलं आणि त्या नऊ वर्षांत दादानं अकरा दिवसांची सह्याद्री परिक्रमा पाच वेळा जिंकली. यंदा नवव्या दिवशी दादा पडला, गळ्यापाशी हाड मोडलं. रुग्णवाहिकेतून तोच ओरडला, "भरमू, आता तू जा!" भरमू गेला. दोन दिवसांत दोन घाट मारून त्यानं परिक्रमा चार मिनिटांनी जिंकली. आठवडाभर हार-तुरे झाले आणि मग आयोगाची नोटीस आली.

उपळेकरबाईंनी त्याच्या तारा काढवल्या आणि त्याला कॅन्टीनमध्ये नेलं. दोन चहा मागवले.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "चाचणीच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करायचात?"

भरमू चहात चमचा फिरवू लागला.

"तुमच्या शरीरातला थकवा खरा आहे, हे मला दिसतंय. पण तो चाचणीनं आलेला नाही. तो तुम्ही घरून घेऊन आलेला होता. बरोबर?"

त्यानं होय म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "पाय रिकामे करायचो."

"म्हणजे?"

"आदल्या दिवशी आंबोली दोनदा चढायची. जेवायचं न्हाई. मग चाचणीत खरोखरच दम निघतो. कॅप्टनच्या आकड्याच्या खालीच राहतो माणूस. सगळे मदतनीस करत्यात बाई, सगळ्या संघांत. कुणी शिकवत न्हाई, नवा आला की बघून बघून शिकतो."

"पण का?"

"आकडा संघाच्या मालकांकडं जातो की! मदतनिसाचा आकडा कॅप्टनच्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी संघात भांडणं. मालक म्हणणार, यालाच कॅप्टन करा. ज्यानं आपल्याला वर आणलं त्याच्याच खुर्चीत बसायचं? जमतंय व्हय असं?"

"आणि कॅप्टनला हे ठाऊक असतं?"

"त्यांना कोण सांगणार? कुठल्या तोंडानं?"

बाईंनी डोळे मिटले. चौदा वर्षांचं काम, शेकडो प्रतिदेह, आणि त्यातला एकेक मदतनीस आदल्या दिवशी घाट चढून आलेला! हसावं की रडावं, त्यांना कळेना.

"तुम्हाला दहा दिवस इथं ठेवता येईल," त्या शेवटी म्हणाल्या. "बाहेरचं काही पोटात जाणार नाही, रोज रक्त तपासू, म्हणजे औषधाचा प्रश्न उरणार नाही. घाट नाही, उपास नाही. पूर्ण विश्रांती. मग भरल्या पायांनी चाचणी द्या. तुमची खरी मर्यादा कळेल आणि औषधाचा आरोप आपोआप गळून पडेल. पण नीट ऐका. औषधाची शिक्षा चार वर्षं आहे. चाचणीत फसवणूक केली तर शिक्षा जन्मभराची, कारण सगळी व्यवस्था त्या चाचणीवर उभी आहे. सायकलला पुन्हा हात लावता येणार नाही. शिकवतासुद्धा येणार नाही."

"म्हणजे औषध घेतलं म्हटलं तर चार वर्षं. न्हाई घेतलं म्हणून दाखवलं तर जन्मभर."

"हो. नियम मी केलेले नाहीत, पण ते माझ्या गणितावरच उभे आहेत."

सायकलीशिवाय भरमूला दुसरं काही येत नव्हतं. चार वर्षांनी तो सदतीसचा झाला असता. म्हातारा, पण कुठल्यातरी लहान संघात बाटल्या पोचवायला चालला असता. त्यानं चहा संपवला, कप बशीत ठेवला.

"खोटारडा म्हणा मला," तो म्हणाला. "पण औषध घेतलं म्हणू नका. करूया चाचणी. फक्त त्या दिवशी दादांना बोलवा. त्यांनी डोळ्यांनी बघू दे. बाकी जग गेलं उडत. आणि दुसऱ्या पोरांची नावं मला इचारू नका."

"मी नाही विचारणार. पण एकदा हे उघड झालं की आयोग सगळ्यांनाच बोलावेल."

त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. पण चाचणी नको असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दादा आला. हात अजून झोळीत होता. भरमूकडं न बघता तो मागच्या खुर्चीत बसला. भरमू स्थिर सायकलवर चढला, तारा जोडल्या गेल्या आणि पडद्यावर आकडे चढायला लागले.

तीनशे पन्नास. तीनशे ऐंशी. तीनशे पंच्याऐंशीला भरमूचे पाय सवयीनं हलके पडले. इथं थांबायचं, हे त्यांना नऊ वर्षांत इतकं पक्कं झालं होतं. त्यानं दातओठ खाल्ले आणि मारत राहिला. चारशे. चारशे बारा. मुजावर खुर्चीतून उठले. चारशे पंचवीस. भरमूला पुढचं दिसेनासं झालं, कानात नुसतं रक्त वाजत होतं. चारशे एकतीसवर पाय थांबले, आणि यावेळी ते खरोखर संपले म्हणून थांबले.

मुजावरांनी स्वतः येऊन त्याला पाणी दिलं. "माफ कर मला," ते म्हणाले. "तू औषध घेतलेलं नाहीस. मी आजच तसं लिहून देतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "दुसरा कागदही मलाच लिहावा लागेल, भरमू. जन्मभराची बंदी."

"लिवा," भरमू म्हणाला. त्यानं मान वळवून मागं पाहिलं. दादा उभा राहिला होता, डोळ्यांत पाणी होतं. तो येऊन भरमूच्या गळ्यात पडला, मोडलेल्या हाडाची पर्वा न करता. "चुकलो रे मी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुझ्यावर शंका घेतली. चुकलो." भरमूला वाटलं, झालं, एवढंच तर हवं होतं. सायकल गेली तर गेली.

तेवढ्यात पडदा बदलला.

"हे काय?" दादानं विचारलं.

उपळेकरबाई घाईनं बटणांकडं गेल्या. "प्रतिदेह दुरुस्त झाला की यंत्र त्या माणसाच्या जुन्या शर्यती आपोआप तपासतं. खऱ्या मर्यादेप्रमाणं त्या दिवशी तो किती वेळात चढला असता, ते काढतं. निकालपत्राला जोडावं लागतं. मी बंद करते."

पण पहिली ओळ आली होती. यंदाचा आंबोली घाट. भरमू गावडे, पूर्ण ताकदीच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं अकरा सेकंद हळू.

 म्हणजे जिंकला त्या दिवशीसुद्धा तो पूर्ण जोर लावून चढला नव्हता. भरमूला आठवलं, प्रत्येक वळणावर आपण मागं बघत होतो, दादाचं चाक दिसतंय का म्हणून. दादा इस्पितळात आहे हे ठाऊक असून. जे त्यानं लुबाडलं म्हणून गाव शिव्या घालत होतं, ते त्यानं धड घेतलंही नव्हतं.

दादानं त्याच्या खांद्यावरचा हात काढला. हळूहळू त्याच्या लक्षात येत गेलं. पडद्यावर त्या ओळीखाली जुन्या शर्यतींची वर्षं दिसत होती, त्यातल्या पाच वर्षी परिक्रमा त्यानं जिंकली होती.

"भरमू," तो म्हणाला, "तू माझ्यासाठी वारा घेतलास, बाटल्या आणल्यास, ते सगळे मदतनीस करतात. ते मला चालतं. पण शेवटच्या चढावर? तिथं तू मागं पडायचास, ते दम संपून पडायचास ना?"

"व्हय दादा. दम संपून."

"माझ्या शर्यती माझ्याच होत्या ना?"

"सगळ्या तुमच्याच होत्या. आईशप्पथ."

नऊ वर्षं भरमूचा प्रत्येक शब्द दादानं डोळे झाकून खरा मानला होता. आता त्यानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "बाई," तो म्हणाला, "पहिल्यापासून लावा."

"कशाला, विश्वजित? त्यानं काय होणार आहे?"

"लावा."

भरमू सायकलवरून उतरायला गेला, पण पायांत काहीच उरलं नव्हतं, आणि तारांनी तो जागच्या जागी अडकून होता. त्यानं पडदा झाकण्यासाठी हात पुढं केला. तो तिथवर पोचेना.

पहिली परिक्रमा. विश्वजित घोरपडे पहिला. दुरुस्त प्रतिदेहानुसार भरमू गावडे पहिला, पन्नास सेकंदांनी.

"पुढची," दादा म्हणाला.

दुसरी. भरमू गावडे, एक मिनिट वीस.

"पुढची."

तिसरी. त्या वर्षी दादाची मिरवणूक हत्तीवरून निघाली होती आणि भरमू हत्तीपुढं नाचला होता. तीन मिनिटं दोन सेकंद.

"बास करा की बाई!" भरमू ओरडला. "यंत्राला काय कळतंय! दादा, तुम्ही बघू नका, माझं ऐका!"

"पुढची," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता की कापतही नव्हता.

चौथी. पाचवी तेवढी थोडक्यात होती, सात सेकंदांची. दादा त्या सात सेकंदांकडं बराच वेळ बघत राहिला.

"पुढची," तो म्हणाला.

"विश्वजित," उपळेकरबाई हळूच म्हणाल्या, "पाचच होत्या."