कॅमेऱ्यानं जे ऐकलं

“नरसिंहपूर! उद्या सकाळी निघायचं, संगमावर डबे उघडायचे, नीरा कुठली आणि भीमा कुठली ते पाण्याच्या रंगावरून ओळखायचं, आणि येताना—”

“आधी सॅक खाली ठेव,” प्रगती म्हणाली. “आणि हळू बोल.”

राजवर्धन तिचा आतेभाऊ. दिवाळीच्या सुटीला बारामतीहून आला होता आणि एसटीतून उतरून अंथुर्ण्याजवळच्या या वस्तीवर पोचेपर्यंत त्यानं आठवडाभराचे बेत आखून टाकले होते.

“का? मामा झोपलेत?”

“झोपले असते तर बरं झालं असतं.”

राजवर्धननं आत पाहिलं. पडवीत गोकुळमामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी भाच्याकडे बघून मान हलवली आणि नजर पुन्हा अंगणाकडे वळवली. तिथं त्यांची पिकअप उभी होती. मागे पेरूचे क्रेट तसेच होते. पेरू सडायला लागले होते आणि तो गोड, जड वास सगळ्या घरात भरला होता. दाराबाहेर आकाशकंदील लटकत होता, पण दोन दिवसांत तो कुणी लावला नव्हता.

“पप्पांनी एका आजीला उडवलं म्हणतात सगळे,” मोना म्हणाली. ती प्रगतीची धाकटी बहीण.

“मोने!”

“मी नाही म्हणत! सगळे म्हणतात, असं म्हणतेय मी!”

मग प्रगतीनं सांगितलं. परवा संध्याकाळी पप्पा पेरू घेऊन बारामतीच्या बाजाराला निघाले होते. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पुढं उसाचा एक ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या जोडलेला, नुसता धुरळा उडवत. एकाएकी ‘धप्प’ असा आवाज झाला. पप्पांनी ब्रेक दाबला. खाली उतरून बघतात, तर रस्त्याच्या कडेला ठमाबाई पडलेल्या. पलीकडच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या बाई, डेअरीला दूध घालायला निघालेल्या. पप्पांनी त्यांना उचलून केबिनमध्ये घेतलं आणि बारामतीचं हॉस्पिटल गाठलं. वाटेतच त्यांची शुद्ध गेली, ती अजून आली नव्हती.

“मग मामांनी चांगलंच केलं की!”

“लोक म्हणतात, ज्यानं पाडलं त्यानंच उचललं. नाहीतर एवढी कळकळ कशाला?” प्रगतीनं आवाज आणखी खाली आणला. “आणि आता पप्पांनाही तसंच वाटायला लागलंय. रात्रभर एकच म्हणतात, ‘धप्प झालं होतं. मी ऐकलंय.’ उद्या ठमाबाईंचा मुलगा सावळाराम फिर्याद देणार आहे. पप्पा म्हणतात, ‘मी कबूल करतो.’”

राजवर्धननं पिकअपच्या काचेकडे पाहिलं.

“पण मामांनी तो कॅमेरा बसवला होता ना, काचेला? मला फोनवर दाखवला होता. ‘आता डोक्याला घोर न्हाय,’ म्हणाले होते!”

“बसवला होता. हवालदारांनी बघितलंय त्यातलं. नुसतं लाल दिसतं.”

“लाल?”

“पाडव्याला आईनं गाडीची पूजा केली. कॅमेरा नवा, म्हणून त्यालाही कुंकू लावलं. बरोबर भिंगावर!”

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. आईनं ऐकलं होतं. दोन दिवस ती आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होती.

“मग आवाज? तो तर कुंकवानं अडत नाही!”

“हवालदार म्हणाले, ट्रॅक्टरवरच्या गाण्याशिवाय त्यात काही नाही.”

“आणि तू ऐकलंस?”

प्रगतीनं मान हलवली. नाही.

“अगं, का?”

“ऐकलं आणि तसंच निघालं तर?”

मोना दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. प्रगती पडवीत बसलेल्या माणसाकडे बघत होती. दोन दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. खरं काय ते कळलं तर ते मोडून पडतील, असं तिला वाटत होतं. पण कळलं नाही तर? ते आत्ताच मोडत चालले होते!

ती उठली. “चल.”

पिकअपच्या केबिनमध्ये, पायाखाली दुधाची एक किटली आडवी पडली होती. एका बाजूनं चेपलेली. झाकण नव्हतं. कानाजवळ साखळीची एक उघडी कडी तेवढी लोंबत होती. “ठमाबाईंची,” प्रगती म्हणाली आणि नजर वळवून तिनं कॅमेऱ्यातून कार्ड काढलं.

राजवर्धनच्या फोनवर चित्र उमटलं. खरंच लाल होतं! कुंकू आणि बोटाचं तेल भिंगावर पसरलेलं, त्यात समोरून मावळतं ऊन. सगळा उजेड त्या थरातच विखुरला होता. रस्ता नाही, ट्रॅक्टर नाही, माणूस नाही.

“बघायचंच नाही,” प्रगती म्हणाली. “डोळे मिट. इअरफोन दे.”

“दोनच कान आहेत त्याला! मी काय करू?” मोना फुरंगटली.

“तू पप्पा इकडे येतात का बघ.”

डोळे मिटताच गाण्याचा दणदणाट कानात घुसला. ढोल, ताशा, आणि मध्येच कुणीतरी ओरडत होतं: “विजयसिंहांचा सरदार आलाय! वाट सोडा, वाट!” एका बाजूला पिकअपचं इंजिन. मग अचानक, गाण्याला चिरून—

ठण्ण्!

पत्र्यावर काहीतरी आदळल्यासारखा आवाज. प्रगतीनं इअरफोन कानाशी दाबून धरला. पुढच्या क्षणी पप्पांचा आवाज आला, “अरं, अरं!” मग ब्रेकची किंकाळी. आणि त्यानंतर, सगळ्यांत शेवटी, धप्प.

त्यांनी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा. क्रम बदलला नाही.

“मामा सुटले!” राजवर्धन ओरडला. “ठण्ण् म्हणजे किटली! ती आधी पडली! ब्रेक नंतर!”

“थांब.” प्रगतीचा चेहरा उजळला नव्हता. “किटली आधी पडली, कबूल. पण धप्प राहिलाच की. ब्रेक लावूनही गाडी घसरत जाते. आजी आधी पडल्या आणि मग गाडी त्यांना लागली, असंही झालं असेल.”

“तू कुणाच्या बाजूनं आहेस गं?”

“जे झालं त्याच्या बाजूनं! उगाच आनंद करायचा आणि मग खोटा निघायचा, त्यापेक्षा आत्ताच विचारलेलं बरं. ब्रेक दाबल्यावर गाडीत काय पुढं सरकतं?”

राजवर्धन तिच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि टुणकन उडी मारून पिकअपच्या हौद्यात चढला. माश्यांचा घोळका उठला. त्यानं नाक दाबलं, वरच्या क्रेटना खांदा लावला आणि जोरात पुढं ढकललं. क्रेट केबिनच्या पाठीवर जाऊन आदळले.

धप्प!

पडवीतून गोकुळ ताडकन उठले. चप्पल न घालताच ते अंगणात आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय केलं रं? काय केलं आत्ता?”

“क्रेट ढकलले, मामा. सॉरी...”

“परत कर.”

राजवर्धननं क्रेट मागे ओढले आणि पुन्हा ढकलले. गोकुळांनी डोळे मिटले होते. आवाज झाला तसे त्यांनी ते उघडले.

“ह्योच,” ते हळूच म्हणाले. “ह्योच आवाज हाय. माझ्या डोक्यात वाजतोय त्यो.”

प्रगतीनं इअरफोन त्यांच्या कानात घातले. ऐकून झाल्यावर ते तिथंच, गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. तिला वाटलं, आता हसतील. पण ते म्हणाले, “मंग त्या माउलीला पाडलं कुनी? आन् सावळारामला मी हे सांगू कसं? तो मला दारात बी उभा करंना. आवाजावर कोन इस्वास ठेवनार, पोरी?”

पप्पा पुन्हा पडवीत जाऊन बसले. पण पोरांनी सायकली काढल्या होत्या! गाण्यातला ‘सरदार’ म्हणजे पुढं चाललेला तो ट्रॅक्टरच, आणि उसाचा ट्रॅक्टर सापडणार कारखान्यात.

साखर कारखान्याच्या यार्डात उसानं लदलेले ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. मळीच्या वासानं डोकं जड होत होतं. प्रत्येक ट्रॅक्टरच्या कपाळावर नाव: वादळ, धुरळा, पैलवान. चौथ्या रांगेत मोनानं बोट दाखवलं. “सरदार!”

ट्रॅक्टरवर विशीतला एक पोरगा आरशात बघून केस विंचरत होता. मागे भोंग्यांसारखे दोन स्पीकर दणाणत होते, “वाट सोडा, वाट!”

“दादा! काय गाणं आहे!” राजवर्धन घसा ताणून ओरडला. “आमच्या बारामतीत असं कुणाकडंच नाही!”

पोरगा खूश झाला. “मिळनारच न्हाय! मालकांनी खास बनवून घेतलंय. ज्ञानेश सरदारवाला म्हन, कुनी बी वळखंल!”

“मला द्या ना फोनमध्ये! फक्त तो पेनड्राइव्ह काढा, लगेच घेतो!”

“घे की. काढ तूच!”

राजवर्धननं पेनड्राइव्ह ओढला. यार्डातल्या त्या कोपऱ्यात एकदम शांतता पडली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “ए सरदार, फुडं घे! रांग हलली!”

ज्ञानेशनं गाडी सुरू केली. ट्रॉल्या करकरल्या, हिसका बसला, चाकं फिरली.

टिण्... टिण्... टिण्...

प्रगती जागेवरच थिजली. इंजिनच्या घरघरीवर तो बारीक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ज्ञानेशनंही ऐकला. गाडी थांबवून तो मागे आला.

“ह्ये काय वाजतंय?”

मागच्या ट्रॉलीच्या डाव्या कोपऱ्यात दोर अडकवायचा लोखंडी आकडा होता, वाकून वीतभर बाहेर आलेला. त्याला साखळीसकट एक ॲल्युमिनियमचं झाकण लटकत होतं.

मोनाचा हात पुढं गेला. प्रगतीनं तो घट्ट धरला. “हात नको लावू! जिथं आहे तिथंच राहू दे. राज, फोटो काढ. आणि पप्पांना फोन लाव. म्हणावं, किटली घेऊन हवालदारांबरोबर या.”

“किटली? कसली किटली?” ज्ञानेश विचारत होता.

राजवर्धन फोन लावायला बाजूला गेला. ज्ञानेशच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

हवालदारांच्या आधी ट्रॅक्टरचे मालक विजयसिंह आले. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. “काय तमाशा लावलाय रं पोरांनो? झाकण कुनाचं बी असंल! माझा ट्रॅक्टर तिकडनं गेला कशावरनं?”

“तुमच्या गाण्यावरूनच, काका,” प्रगती म्हणाली. तिनं राजवर्धनचा फोन वर धरला. गाण्याचा दणदणाट झाला आणि त्यातून ती आरोळी आली: “विजयसिंहांचा सरदार आलाय!” मग ठण्ण्. मग ब्रेक.

विजयसिंहांचा हात किल्लीवर आवळला. आजूबाजूचे ड्रायव्हर जमले होते. त्यांच्यापैकी कुणीच हसलं नाही.

हवालदार पोचल्यावर त्यांनी रुमालानं झाकण धरून किटलीवर ठेवलं. ते अलगद बसलं. साखळीची तुटलेली कडी किटलीच्या कानातल्या उघड्या कडीशी जुळली.

“आकड्यात साखळी अडकली,” ते म्हणाले. “किटली हिसकली, आन् बाई फरफटली. पोरा, तुला कळलं कसं न्हाय?”

ज्ञानेश उसाच्या पाचटावर मटकन बसला होता. “मला ऐकूच न्हाय आलं, साहेब,” एवढंच तो म्हणत होता. “आईशप्पथ, ऐकूच न्हाय आलं.”

गोकुळ त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. दोन दिवस आपण जिथं होतो, तिथं आता हा पोरगा येऊन बसलाय, हे त्यांना दिसत होतं. प्रगतीलाही दिसलं, आणि जिंकल्यासारखं काही तिला वाटेना.

संध्याकाळी सगळे बारामतीला हॉस्पिटलमध्ये गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सावळाराम बसला होता. गोकुळांना बघताच तो उठला, पण हवालदारांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. “आधी ऐक.”

त्यानं ऐकलं. ठण्ण् झाल्यावर त्यानं डोळे मिटले. हवालदार फोन बंद करायला गेले.

“थांबा,” सावळाराम म्हणाला. “अजून चालू हाय त्ये.”

गाणं दूर गेलं होतं. केबिनचं दार लागलं. आता फक्त इंजिन होतं आणि दोन आवाज.

“आजी, डोळं मिटू नगा. माझ्याशी बोला. पोरं किती तुमाला?”

“येकच... सावळा.” मोठा श्वास. “दूध सांडलं रं समदं.”

“सांडू द्या. सावळा काय करतो?”

“लोणीला... कंपनीत. लई राबतंय. वेळंवर जेवत न्हाय. त्याला सांग... जेव म्हनावं.”

“सांगतो, आजी. डोळं मिटू नगा. आजी? आजी!”

त्यापुढं फक्त एकच माणूस बोलत होता, अगदी हॉस्पिटल येईपर्यंत.

सावळारामनं फोन खाली ठेवला. काचेच्या दारापलीकडे यंत्राचा बारीक आवाज चालू होता. डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

“तुमी मला ह्ये सांगाया आला होता,” तो शेवटी म्हणाला, “आन् मी तुमाला शिव्या घालून हाकललं.”

गोकुळ बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

“मी डोळ्यांनी बघितलं, म्हनून मला दिसलं न्हाय,” हवालदार घसा खाकरून म्हणाले. “ह्या पोरांनी कान दिला. शाबास रं! उद्या चौकीत सगळ्यांसमोर सांगतो मी.”

सावळारामनं प्रगतीच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड आणि खरखरीत होता. “शहाणी हायेस,” तो म्हणाला. “माझ्या हातनं एका चांगल्या मानसाचं वाटोळं झालं असतं. आयचा त्यो आवाज मला देशील का, पोरी?”

“देते, काका,” प्रगती म्हणाली.

“पप्पा, ऐकलंत का? आम्हाला शाबास म्हणाले!” मोना वळली आणि थबकली.

गोकुळ बाकाच्या टोकाला बसल्या बसल्या झोपले होते. मान भिंतीला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं. शेजारून स्ट्रेचर खडखडत गेलं, कुणीतरी नर्सला हाक मारली, तरी त्यांची पापणीही हलली नाही.

“उठवू?” राजवर्धननं विचारलं.

“नगं,” सावळाराम म्हणाला. रात्री पांघरायला आणलेली आपली चादर त्यानं घडी मोडून झटकली, गोकुळांच्या गळ्यापर्यंत नीट ओढली आणि त्यांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसून राहिला.